प्रदर्शन बघून आले, पण सुचत काहीच नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची आहे, इलस्ट्रेशनची कामं करते, सध्या न्यू जर्सीत असते. गेले कित्येक महिने डोकं ठप्प झालंय. जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधे मॅन रे या अमेरिकन कलाकाराचं 'व्हेन ऑब्जेक्ट्स ड्रीम' प्रदर्शन बघायला मुद्दाम गेले, ३ तास फिरले, मोबाईलमधे शंभरेक फोटो काढले, पण घरी येऊन कागद घेऊन बसले तर काहीच नाही, जे काढलं ते सगळं त्याचीच नक्कल वाटायला लागलं. अशा प्रदर्शनातून प्रेरणा घ्यायची म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर : अगं, शंभर फोटो काढताना बघायचं राहूनच गेलं असणार. रागावून नाही सांगत, माझंही असंच झालं होतं. २०२० च्या सुरुवातीला लंडनला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात डोरा मार या फ्रेंच फोटोग्राफरचं प्रदर्शन होतं, पहिल्या दिवशी सगळं भराभर बघितलं आणि रात्री एकही फोटो नीट आठवेना. दुसऱ्या दिवशी परत तिकीट काढलं आणि एकाच फोटोसमोर उभी राहिले, 'द सिम्युलेटर', १९३६ चा. दगडी बोगद्यासारखी जागा, त्यात एक मुलगा मागे कमानीसारखा वाकलाय, बघताना पोटात गोळा येतो पण का ते कळत नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की त्याच्या पायाखाली जमीन नाहीच, ते छत आहे! व्हर्सायच्या राजवाड्यातल्या ऑरेंजरीतल्या, म्हणजे संत्र्याची झाडं ठेवायच्या इमारतीतल्या, कमानींचा फोटो तिने उलटा करून वापरलाय आणि मुलगा दुसऱ्याच फोटोतून कापून आणलाय. एवढंच केलंय, पण ते कळल्यावर माझे हात शिवशिवायला लागले.

आता तू बघितलेले रेयोग्राफ आठव. मॅन रे ने ते पॅरिसमधे १९२२ च्या सुमारास सुरू केले, त्यात कॅमेरा नाहीच, अंधाऱ्या खोलीत फोटोच्या कागदावर वस्तू ठेवायच्या आणि दिवा लावायचा, वस्तूने उजेड अडवला तिथे कागद पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. तुझ्या शंभरातला एकच फोटो उघड आणि फक्त कडा बघ. कड धारदार आहे तिथे वस्तू कागदाला टेकलेली होती, धुरकट राखाडी आहे तिथे ती थोडी वर होती, आणि काचेची असेल तर आतून उजेड झिरपलेला दिसतो. त्याने काय कसं ठेवलं असेल हे असं शोधत बसलीस ना, की एक तास कसा जातो कळत नाही.

मग स्वतः करून बघ. डार्करूम नसली तरी सायनोटाईपचा तयार कागद मिळतो, बाहेर चांगल्या उन्हात वस्तू ठेवून काही मिनिटं थांबायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं, झाकलेला भाग पांढरा आणि बाकी निळा. झारा घे, गाळणी घे, सोऱ्याच्या चकत्या घे. झाऱ्याचा दांडा जिथे कागदापासून उचलला जातो तिथे कड कशी विरघळते ते नक्की बघ, फार सुंदर दिसतं.

नक्कलीबद्दल म्हणशील तर, १९२१ मधे मॅन रे ने एका इस्त्रीच्या तळाला १४ खिळे चिकटवले आणि नाव ठेवलं 'गिफ्ट'. तू खिळेवाली इस्त्री काढलीस तर नक्कलच होणार. पण तू रोज हाताळतेस अशी कुठली वस्तू आहे, जिचं काम उलटं केलं तर अंगावर काटा येईल? लंडनहून आल्यावर मी आईच्या पोळपाटाला मधोमध खोल विहीर काढली होती, आठवडाभर तेवढंच काढत होते, लाटणं एकदा कडेवर, एकदा आत पडताना, आणि त्यातूनच माझं पुढचं काम सुरू झालं.

पहिले पाच-सहा प्रिंट खराब येतील, फेकू नकोस, मागे पेन्सिलने किती मिनिटं उन्हात ठेवला ते लिहून ठेव, आणि त्यातला एखादा मला पाठव, मला खरंच बघायचाय.