ईव्हा ‘पोरगी’ की ‘मुलगी’?

प्रश्न : प्रीस्टली यांचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ आमचा हौशी संघ मराठीत बसवतोय. ईव्हा स्मिथ या कामगार मुलीच्या आत्महत्येत बर्लिंग कुटुंबातल्या एकेकाचा हात कसा, हे इन्स्पेक्टर उलगडतो. पण तालमीत वर्गभेद दिसत नाही, इन्स्पेक्टरचं कीर्तन तेवढं ऐकू येतं. काय चुकतंय? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा संबोधनं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत तू की तुम्ही, हे अनुवादकालाच ठरवावं लागतं. घरमालक, कारखानदार बर्लिंगच्या तोंडी मोलकरीण एडनाला ‘अगं’ आणि ईव्हाला ‘ती पोरगी’ येऊ द्या. इन्स्पेक्टरने मात्र दर वेळी ‘ईव्हा स्मिथ’ असं पूर्ण नाव घ्यावं. त्याची मुलगी शीला हिला पहिल्याच अंकात ‘पोरगी’वरून ‘मुलगी’वर आणा, तिची आई शेवटपर्यंत येत नाही. मग इन्स्पेक्टरला आवाज चढवावा लागणार नाही.

बर्लिंगला खलनायक करू नका. त्याच्या कारखान्यात आठवड्याचे २२ शिलिंग ६ पेन्स मिळत, ईव्हासारख्या कामगार मुलींनी २५ शिलिंग मागितले. म्हणजे वाढ जेमतेम नवव्या हिश्श्याची. मजुरी कमी ठेवणं हे तो कर्तव्यच मानतो. ते वाक्य मुनीमजीच्या थंडपणाने आलं तर अंगावर येतं. दातओठ खाऊन म्हटलं, की प्रेक्षक ‘आपण काही असे नाही’ म्हणून सुटतो.

इन्स्पेक्टर ईव्हाचा फोटो दाखवतो, त्यातही हमखास गफलत होते. तो पोस्टकार्डाएवढा असतो आणि बर्लिंग, शीला व आई या तिघांनाच, एका वेळी एकालाच दिसतो. इन्स्पेक्टरने मध्ये उभं राहून बाकीच्यांची नजर अडवलीच पाहिजे. दोघांनी एकदम पाहिला, तर मुलगी एकच होती कशावरून, ही तिसऱ्या अंकातली शंका तिथेच कोसळते.

प्रश्न : नाटकातलं १९१२ चं ब्रमली हे इंग्रजी गाव सोडून त्याच काळातलं कोल्हापूर घेतलं तर? — तेच वाचक

उत्तर : तिथली शाहू मिल ही कापडगिरणी १९०६ ची, काळ छान जुळतो. अडचण जातीची. संस्थानात १९०२ मध्येच मागासांसाठी नोकरीच्या ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. त्या गावातली ईव्हा नुसती ‘गरीब’ राहू शकत नाही. तिची जात ठरवली, की बर्लिंगचा मुलगा एरिक आणि शीलाचा वाग्दत्त वर जेराल्ड यांचे तिच्याशी असलेल्या संबंधांचे प्रसंग मुळापासून बदलतात. ते नवं नाटक होईल. ब्रमलीच ठेवा.

आणि परवानगीचं आधी बघा. प्रीस्टली १९८४ मध्ये वारले. आपल्या कायद्याने हक्क २०४४ अखेरपर्यंत राहतात. नुसता अनुवाद असला तरी लेखी परवानगी लागतेच.