टेकडीवर मुलांना काय करायला द्यावं?

प्रश्न : सोसायटीतल्या मुलांना पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नेतो. झाडांची नावं सांगितली की ती कंटाळतात. काय करावं?

उत्तर : नावं सोडा, मोजायला लावा. सव्वाचार मीटर सुतळीला गाठ मारून एक मीटर बाजूचा चौकोन करा. मुरुमात खुंट्या ठोकल्या जात नाहीत, कोपऱ्यांवर दगड ठेवा. पाच चौकोन गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांखाली, पाच उघड्या गवतात. दोन्हीकडे एकेकाच चौकोनावर भिस्त नको. प्रत्येकात किती प्रकारची रोपं, एवढंच मोजायचं. नाव येत नसेल तर पान वहीत काढावं, तोडू नये. जागा मुलांना निवडू देऊ नका. ती हटकून फुलं असलेलीच धरतात आणि आकडा फुगतो. पाठमोरं उभं राहून कापडी चेंडू टाकावा, पडेल तिथे चौकोन. सप्टेंबर उत्तम, एप्रिलात गवत वाळलेलं असतं.