वाचकांचे प्रश्न: पायात शिरणारी पिसू

प्रश्न : डॉक्टर ताई, आम्ही नैरोबीत राहतो. आमच्याकडे कामाला येणारी बाई मुरांगा भागातल्या खेड्यातली आहे, सुट्टीत गावाहून मुलाला घेऊन आली तर त्याच्या पायाची बोटं बघून मला धडकीच भरली, नखांच्या कडेला पांढरट गोळे, मधोमध काळा ठिपका, आणि पोरगं टाचेवर चालतंय. ती म्हणते ‘जिगर’ आहे, म्हणजे पायात शिरणारी पिसू, सेफ्टी पिनने काढते, घरात सगळ्यांना तीच पिन. शेजारचे म्हणतात अस्वच्छ लोक, आळशी, कुणी म्हणतं करणी केलीय. मी काय करू? आणि आमच्या घरात पसरेल का?

उत्तर : आधी ती पिन बंद करा, बाकीचं नंतर बोलू. एकच पिन चार जणांच्या पायात गेली की हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही सगळ्याची भीती, शिवाय उघड्या जखमेत माती गेली तर धनुर्वात. मुलाची धनुर्वाताची लस झालीय का ते लगेच विचारा.

आता हे आहे काय, तर ही वाळूतली पिसू, मादी जेमतेम एक मिलिमीटरची. ती कातडीत शिरते आणि तिथेच फुगत जाते, आठ-पंधरा दिवसांत वाटाण्याएवढी. तो काळा ठिपका म्हणजे तिचं मागचं टोक, बाहेर राहिलेलं, त्यातूनच ती श्वास घेते आणि अंडी टाकते, शंभराच्या वर. मग महिना-सव्वा महिन्यात आतच मरते. म्हणजे एकेक पिसू आपोआप संपते हो, पण रोज नवीन शिरत राहिल्या तर पाय बरा होणार कधी?

उपचार म्हणाल तर डायमेटिकॉन. उवांसाठी मिळतं ते पातळ सिलिकॉन तेल. त्यात विष नाहीये, ते पिसूच्या श्वासाच्या छिद्रात झिरपतं आणि ती गुदमरते. तिकडे पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवायची पद्धत आहे, पण केनियातच मुलांवर दोन्हीची तुलना झाली, 2014 साली छापून आली, त्यात सातव्या दिवशी डायमेटिकॉनने 78 टक्के पिसवा मेलेल्या होत्या आणि परमँगनेटने 39 टक्के. पाय साबणाने धुवून कोरडे करायचे आणि मग औषध. पू, ताप, पाय लाल होऊन सुजणं असं काही असेल तर थेट दवाखाना, तेलावर थांबू नका.

आणि त्या आळशीपणाच्या गप्पांबद्दल. अहो, अंडी पडतात ती घरातल्या भुसभुशीत मातीत, तीन-चार दिवसांत अळ्या निघतात आणि तीनेक आठवड्यांत नवी पिसू तयार, ते पण जिथे पोरं झोपतात त्याच जमिनीवर. कुत्री, डुकरं, मांजरं, उंदीर यांच्याही पायात ती असते. मग ती आई रोज पाय धुवेल, पण जमीन धुळीची आणि पायात चप्पल नाही तर काय होणार? सिमेंटचा कोबा परवडत नाही याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा. पोरगं शाळेत गेलं की मुलं चिडवतात, मग ते शाळाच सोडतं, हे जास्त वाईट. तिला पैसे द्यायचेच असतील तर औषधाबरोबर बंद बूट आणि घराच्या जमिनीसाठी द्या, आणि गावातल्या कुत्र्यांचंही बघायला सांगा. तुमच्या फरशीच्या घरात अळ्यांना थारा नाही, तेव्हा मुलाला वेगळं ताट वगैरे प्रकार नकोत.

प्रश्न : ही आफ्रिकेतलीच का? आम्ही केनियाच्या किनाऱ्यावर फिरायला चाललोय.

उत्तर : मूळची अमेरिका खंडातली. 1872 मध्ये ब्राझीलहून अंगोलाला आलेल्या जहाजातून उतरली असं सांगतात, आणि मग माणसांच्या पायातून, काफिल्यांच्या वाटांनी, शतक संपेपर्यंत अख्खी आफ्रिका ओलांडून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत. आज सगळ्यात जास्त हाल गरीब खेड्यांतले, पाच ते चौदा वर्षांची मुलं आणि म्हातारी माणसं. पर्यटकाला फार तर एखाददुसरी लागते. अनवाणी वाळूत बसू नका, बंद बूट घाला, रात्री पाय नीट बघा. ठिपका दिसला तर डॉक्टरकडून निर्जंतुक सुईने काढून घ्या, स्वतः कोरत बसू नका.

प्रश्न : आपल्याकडे असते का हो? आजोबांच्या टाचेला असाच काळा ठिपका आहे, ते कुठेच गेले नाहीत.

उत्तर : फार क्वचित. महाराष्ट्रातला एक रुग्ण 1985 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेलाय, केरळात वायनाडच्या आदिवासी वस्त्यांतही आढळलीय. पण आजोबांच्या टाचेला कुरूप, मोडलेला काटा किंवा चामखीळ असण्याची शक्यता कितीतरी जास्त. तरी काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. आणि मधुमेह असेल तर आजच, ब्लेडने घरी कापू देऊ नका.