वाचकांचे प्रश्न : घरीच जोडायचा संगणक

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिचा अभ्यास, थोडे कोडिंग आणि घरचे ऑनलाइन फॉर्म यासाठी संगणक जोडायचा आहे. यादी अशी : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड (मदरबोर्ड), ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि कॅबिनेटसोबत येणारा '५०० वॅट'चा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. सगळे जुळते का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बसायला सगळे बसेल, पण मॉनिटर काळाच राहील. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, नाही. तुम्हाला ५६००जी हवा. बोर्डावर बसायची जागा (सॉकेट) तीच, एएम४. सहा कोअर, ६५ वॅट, आणि आत वेगा ग्राफिक्स. इंटेलकडे अक्षराचा अर्थ उलटा होतो : आय३-१२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफ मध्ये नाही. एफवाला थोडा स्वस्त असल्यामुळे कोटेशनमध्ये हमखास तोच दिसतो. प्रोसेसर डब्याचा मागा. सुटा 'ट्रे'चा घेतला तर सोबत पंखा येत नाही आणि वॉरंटीबद्दल आधी विचारावे लागते.

बी४५० बोर्ड या प्रोसेसरपेक्षा जुना आहे. बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम) जुने असेल तर ५६००जी ओळखलाच जात नाही, आणि बायोस बदलायला बहुतेक बोर्डांना आधी चालणारा प्रोसेसर लागतो. बोर्ड घेऊन पुन्हा नागपूर गाठायची वेळ येते ती इथे. ए५२० किंवा बी५५० घ्या, डब्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा स्टिकर पाहा. नसेल तर दुकानातच बायोस अद्ययावत करून, चालू करून दाखवायला सांगा.

रॅम ८ ची एक नको, ८-८ च्या दोन घ्या. आतले ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधलीच वापरते. दोन पट्ट्यांनी त्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून सहसा दुसरी आणि चौथी वापरायची.

आता एसएमपीएस, आणि या यादीतली खरी चूक तिथेच आहे. बाजूच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर पाहा आणि १२ ने गुणा. तिथे १६ असेल तर १९२ वॅट झाले, वर ५०० लिहिलेले असो की ८००. तुमचा संगणक तेवढ्यावरही चालेल, कारण तो दीडशे वॅटच्या आत राहतो. पण रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढते आणि असा स्वस्त एसएमपीएस मरताना बोर्डही घेऊन जातो. ४५० वॅटचा, ८० प्लस (वीज कमी वाया जाते, असे) प्रमाणपत्र असलेला वेगळा घ्या. त्यासाठी एसएसडी २५६ ची केली तरी चालेल. प्रोसेसरसाठीची ८ पिनची (४+४) वायर त्यात आहे ना, तेही पाहा. ग्राफिक्स कार्डाची ८ पिन वेगळी असते, ती तिथे चालत नाही. आणि एसएमपीएसच्या मागे ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर राहिला तर पहिल्याच बटणाला धडाम.

प्रश्न : जुन्या संगणकातली डीडीआर४ रॅम नव्या एच६१० बोर्डात बसेल का?
— एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही. एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच, पण खाच वेगळ्या जागी असते. दाबून बसवू नका. जुनी पट्टी लॅपटॉपमधली, म्हणजे आखूड असेल, तर प्रश्नच मिटला : ती बसणार नाही.

प्रश्न : संगणक जोडला, चालतोही. पण कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, आणि लाइन गेली की यूपीएस असूनही बंद पडतो. एसएमपीएस खराब आहे का?
— एक वाचक, चिमूर (जि. चंद्रपूर)

उत्तर : मुंग्यांचे कारण बहुतेक भिंतीत आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात. ते गळकी वीज अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट, म्हणजे लाइनच्या निम्मे, तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट चालतात. जमत नसेल तर वायरमनला बोलवा, पण सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडू देऊ नका. ही 'युक्ती' सर्रास केली जाते आणि न्यूट्रल तुटला की अख्खे कॅबिनेट जिवंत होते. अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यातच त्रास होत असेल तर काळी माती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटली असेल. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी टाका.

यूपीएसचे : आधी त्यावर प्रिंटर लावला आहे का ते पाहा. लेझर प्रिंटर ६०० व्हीएच्या यूपीएसला झेपत नाही. त्यातून मिळतात साधारण ३६० वॅट. नंतर संगणक काढून ६० वॅटचा बल्ब लावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. मिनिटभरात बल्ब विझला तर बॅटरी गेली; आपल्याकडच्या गर्मीत ती दोन वर्षांतही जाते. बल्ब चालतो आणि संगणक पडतो, असे असेल तर चांगल्या एसएमपीएसमधल्या अॅक्टिव्ह पीएफसीचे (लाइनमधून वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचे) आणि यूपीएसच्या चौकोनी लहरीचे जमत नसावे. घरी साइन वेव्ह (लाइनसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर असेल तर त्याचा खटका 'यूपीएस' मोडवर करून संगणक त्यावर चालवा. मात्र या मोडमध्ये कमी व्होल्टेज आले की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : डेस्कटॉप कुठे ठेवावा? घरात कापूस भरलेला असतो आणि उन्हाळ्यात कूलर.
— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : कापसाच्या खोलीत नकोच. तंतू प्रोसेसरच्या हीटसिंकवर नमद्यासारखे बसतात, पंखा ओरडतो आणि संगणक मंद होतो. दुसरी खोली नसेल तर कॅबिनेट जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा आणि हंगामात दर महिन्याला ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जाते. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका; त्या दमट हवेत तीच धूळ चिकटून लुगदी होते, आणि पाणी खारे असेल तर तुषारांबरोबर क्षारही बोर्डावर जातात. कूलरची मोटर यूपीएसच्या मागे चुकूनही लावू नका.