ते इंजेक्शन मिळालं असतं तर…

गेल्या महिन्यात या सदरात मी कोरोनाच्या काळात कोणती औषधं खरोखर उपयोगी पडली आणि कोणती नाही, यावर लिहिलं होतं. नंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (सातारा) : एप्रिल 2021 मध्ये माझे वडील (वय 64) कोविडने गेले. आजाराच्या दहाव्या दिवशी दवाखान्यात बेड मिळाला, तेव्हा सॅच्युरेशन 78 होतं. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. डॉक्टरांनी सहा रेमडेसिविर आणायला सांगितले. भाऊ कऱ्हाड, सांगली, पुणे असा फिरला. दोनच मिळाले, तेही तेरा-तेरा हजारांना. उरलेले चार मिळाले असते तर? आई भावाला तोंडावर काही बोलत नाही, पण घरात ते आहेच.

उत्तर : हे उत्तर भावाला वाचायला द्या आणि जमलं तर आईला वाचून दाखवा. चार इंजेक्शनं मिळाली नाहीत म्हणून वडील गेले, असं म्हणायला वैद्यकशास्त्रात आधार नाही.

रेमडेसिविर विषाणूची पिलावळ वाढू देत नाही. पण ही पिलावळ वाढते ती मुख्यतः पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांची जी नासधूस होते, ती बरीचशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या भडक्याने. चोर केव्हाच पसार झालाय आणि घरातलीच माणसं अंधारात एकमेकांना काठ्या घालताहेत, असा तो प्रकार. तेव्हा चोर धरायचं औषध आणून काय होणार?

हा नुसता तर्क नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे पहिले निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्येच आले होते : या औषधाने मृत्यू फारसे टळत नाहीत. म्हणजे तुमचा भाऊ रात्री-अपरात्री फिरत होता, त्याच्या सहा महिने आधी. 2022 मध्ये संपूर्ण निकाल आला. ऑक्सिजनवर असलेल्या, पण व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांमध्ये औषधाशिवाय शंभरात साधारण 16 दगावले, औषध दिलेल्यांत 14 ते 15. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना फायदा दिसलाच नाही. तुमचे वडील या शेवटच्या गटातले होते.

मग डॉक्टरांनी लिहून का दिलं? दुसऱ्याचं कशाला सांगू, मीही देत होतो. वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला ‘आता वाट बघायची’ असं सांगण्यापेक्षा चिठ्ठी हातात देणं सोपं होतं. चिठ्ठीमुळे त्याला करायला काहीतरी मिळायचं आणि मला पुढच्या बेडकडे जाता यायचं. तुमच्या भावाच्या सव्वीस हजारांत माझ्यासारख्यांचाही हात आहे.

जीव वाचवणारं औषध वेगळंच होतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून 2020 मध्ये दाखवलं की, डेक्सामेथासोन हे जुनंपुराणं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी करतं, आणि ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशाने. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही, कारण ते कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळत होतं. वडिलांची फाईल जपून ठेवली असेल तर औषधांच्या तक्त्यात ‘डेक्सा’ किंवा ‘मिथाइलप्रेड’ (तेही स्टेरॉइडच) हा शब्द शोधा. सापडला, तर जे द्यायला हवं होतं ते त्यांना मिळालं होतं.

प्रश्न (बार्शी) : स्टेरॉइड इतकं गुणकारी, तर मग काळी बुरशी कशी झाली? माझ्या काकांना ऑक्सिजन लागलाच नव्हता. तिसऱ्या दिवसापासून घरीच गोळ्या चालू होत्या. नंतर एक डोळा काढावा लागला.

उत्तर : भडका उडायच्या आधीच पाणी मारलं, आणि भिंत खचली. ज्यांना ऑक्सिजन लागला नाही, त्यांना डेक्सामेथासोनचा फायदा त्याच ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसला नव्हता. त्या गटात मृत्यूंचा आकडा उलट थोडा वरच होता. मात्रा ठरली होती दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आपल्याकडे दुप्पट-तिप्पट मात्रा, तीन-तीन आठवडे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवर दिली गेली. स्टेरॉइडने साखर चढते, प्रतिकारशक्ती दबते, आणि म्युकरच्या, म्हणजे या काळ्या बुरशीला हेच हवं असतं. काकांना मधुमेह होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, होता; कदाचित तोवर कळलेला नसेल.

प्रश्न (फोंडा, गोवा) : मे 2021 मध्ये आमच्या सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या (जंतांवरच्या औषधाच्या) गोळ्या द्यायचं जाहीर केलं होतं. आमच्या घरी सगळ्यांनी घेतल्या आणि कुणालाच काही झालं नाही. तरी तुम्ही ते निरुपयोगी म्हणता?

उत्तर : म्हणतो. त्याच मे महिन्यात गोळ्या न घेतलेल्या पुष्कळ घरांतही कुणाला काही झालं नाही. गोळी घेतली आणि काही झालं नाही, यावरून गोळीबद्दल काहीच कळत नाही. कळायचं असेल, तर सारख्याच लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात, एकाला गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. ब्राझीलमध्ये रुग्णांवर तसं केलं, 2022 मध्ये निकाल छापून आला : दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ज्या इजिप्तमधल्या अभ्यासावर आधी सगळी आशा उभी होती, तो जुलै 2021 मध्ये मागे घेतला गेला. गोव्याच्या घोषणेनंतर लगेचच जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी, हे औषध चाचणीबाहेर वापरू नका, असं जाहीरपणे सांगितलं होतं.

प्लाझ्माचीही (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव) हीच तऱ्हा, फक्त तिथे आपल्याच देशाने चोख काम केलं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली आणि प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबतं ना मृत्यू, हे 2020 मध्येच सांगितलं. तरी मे 2021 पर्यंत तो उपचारांच्या सरकारी यादीत होता आणि ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’ असे निरोप आपण सगळेच पुढे ढकलत होतो.

प्रश्न (पुणे) : सोसायटीत वाटलेल्या आर्सेनिकम अल्बम 30 या होमिओपॅथीच्या गोळ्यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत!

उत्तर : त्या गोळ्यांत साखर असते. आर्सेनिक इतकं पातळ केलेलं असतं की एकही कण उरत नाही. त्यामुळे अपायाची काळजी नको, आणि उपायाची आशाही.

प्रश्न (ठाणे) : कोविशिल्डने गुठळ्या होतात, हे कंपनीने 2024 मध्ये कोर्टात मान्य केलं. माझा भाचा (वय 32) त्याच वर्षी जिममध्ये कोसळून गेला. आता तरी खरं सांगा.

उत्तर : खरं सांगतो, दोन्ही बाजूंनी. गुठळ्यांचा तो विकार खराच आहे. त्यात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घटतात. तो 2024 मध्ये उघड झाला असं मात्र नाही. युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल 2021 मध्ये तो लशीशी जोडला होता. आपल्या केंद्रीय समितीने मे 2021 मध्ये दहा लाख डोसमागे 0.61 असा आकडा दिला. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा 4 आणि जर्मनीचा 10 होता. आपल्याकडे अशा नोंदी कशा होतात ते पाहिलेलं असल्याने आपला आकडा मी कमीच धरतो.

पण हा विकार लशीनंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंचा आयसीएमआरने 47 रुग्णालयांमार्फत अभ्यास केला : 18 ते 45 वयाचे 729 मृत्यू आणि तुलनेला 2,916 जिवंत माणसं. लशीने धोका वाढलेला दिसला नाही; दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. वाढलेला दिसला तो कोविडमुळे दवाखान्यात राहिलेल्यांत, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत आणि अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. भाच्याची सख्खी भावंडं असतील तर त्यांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. हे टाळू नका.

माझी तक्रार वेगळी आहे. मी लस घेतली त्या केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवलं, पण ‘पुढच्या तीन आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, धाप किंवा पायाला सूज आली तर लगेच या’ हे सांगायला कुणी नव्हतं. लोक घाबरतील म्हणून सांगायचं नाही, हा हिशेब चुकला. लोक घाबरलेच, फक्त तीन वर्षांनी आणि भलत्याच गोष्टीला.

प्रश्न (नाशिक) : मी निवृत्त इतिहास शिक्षक. लशीला दहा-दहा वर्षं लागतात म्हणतात, मग ही वर्षभरात कशी आली? पुढच्या साथीतही अशीच घाईची लस टोचून घ्यायची का?

उत्तर : गुरुजी, तुमच्याच विषयापासून सुरू करतो. मुंबईत प्लेग 1896 मध्ये आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली लस स्वतःला टोचून घेतली, त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात लस घ्यायला राजी झालेल्या कैद्यांना टोचली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. तीही काही महिन्यांतली लस! 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला. तो धुऊन निघायला 1907 उजाडलं. परळची संस्था आज त्यांच्या नावाने आहे. म्हणून मी आधी ‘किती दिवसांत केली’ हे विचारत नाही. बाटली कशी भरली आणि तुलना कुणाशी केली, हे विचारतो.

कोविशिल्डचा सांगाडा तयार होता. ऑक्सफर्डमध्ये त्याच पद्धतीने मर्सवरच्या (कोरोनाच्याच जातीच्या दुसऱ्या विषाणूच्या आजारावरच्या) लशीचं काम चालू होतं, त्यात नव्या विषाणूचा तुकडा बसवला. एरवी चाचणीचा एक टप्पा संपला की पैशांसाठी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं. या वेळी ते थांबणं वाचलं, आणि सिरमने तर परवानगीआधीच डोस भरून ठेवले. स्वयंसेवक मात्र हजारोंनी होते. कोव्हॅक्सिनला 3 जानेवारी 2021 रोजी परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे हजारो माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे, निकाल हाती नव्हते. पुढे ती 77.8 टक्के परिणामकारक ठरली, तरी त्या दिवशीचा निर्णय मला तेव्हा पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पुढच्या साथीत मी लस घेईन, तिसऱ्या टप्प्याचे आकडे वाचून.

प्रश्न (अकोला) : आमच्या फ्रिजमध्ये रेमडेसिविरच्या दोन कुप्या 2021 पासून आहेत. पेशंट बरा होऊन घरी आला, त्या उरल्या. इतक्या महागाच्या टाकवत नाहीत. कुणाच्या उपयोगी पडतील का?

उत्तर : नाही. मुदत केव्हाच संपली. घंटागाडीत टाकू नका, बेसिनमध्येही ओतू नका. जवळच्या दवाखान्यात जैववैद्यकीय कचरा गोळा करायला गाडी येते, तिथे नेऊन द्या.