रील काढून टाक, फाईल ठेव

अगं, तुझा मेसेज काल रात्री बाराला बघितला, पण टाईप करायला चष्मा सापडेना, म्हणून आता सकाळी दुकान उघडायच्या आधी चहा घेत लिहितोय. चौकात पोलिस त्या पोराला मारतायत तो तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. हात जरा हललाय, पण तुझ्या जागी मी असतो तर माझाही हललाच असता. चाळीस हजार व्ह्यूज झालेत, आता पुढे काय करू काका, असं विचारलंयस. जे सांगतोय ते तुला आवडणार नाही. रील काढून टाक, आत्ता, हे वाचता वाचता. आणि फोनमधली मूळ फाईल मात्र जिवापाड जप, तिला ट्रिम नको, फिल्टर नको, नावसुद्धा बदलू नको.

काढ का म्हणतोय, तर त्या पोराचा चेहरा स्वच्छ दिसतोय. फार तर पंधरा-सोळाचा असेल. अल्पवयीन पीडिताची ओळख अशी उघड करता येत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघ. कायदा सोड, उद्या तो क्लासला जाईल तेव्हा पोरं त्याला काय म्हणून हाक मारतील याचा विचार कर. तू त्याला विचारलं होतंस का? त्याच्या आईला? नसेल विचारलं तर आधी तिला शोध, तक्रार करायची की नाही हे ते ठरवतील, तू नाही, तू साक्षीदार आहेस.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रील अडतीस सेकंदांची आहे आणि तूच म्हणतेस की मूळ व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. मग समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, बाकीची तीन-साडेतीन मिनिटं का लपवली? अमेरिकेत १९९१ मध्ये लॉस एंजेलिसला रॉडनी किंगला पोलिसांनी मारलं ते जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसाने बाल्कनीतून हँडीकॅमवर टिपलं. त्या काळी आम्ही नाशकात लग्नं व्हीएचएसवर शूट करत होतो, त्यामुळे ती टेप डोक्यात बसलीय. टीव्हीने दाखवताना सुरुवातीचे काही सेकंद कापले आणि नेमकं त्यातच किंग उठून पोलिसाच्या दिशेने जाताना दिसत होता. बचावाच्या वकिलांनी पुढे कोर्टात तेच सेकंद धरले, टेप हळू करून एकेक फ्रेम दाखवली, आणि १९९२ ला ज्युरीने पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं, त्यावरून शहर पेटलं. मार खरा होता गं, तरी कापलेल्या तुकड्याने समोरच्यांना हातात आयतं कोलीत मिळालं.

आता माझी गोष्ट ऐक, ही मी फार कुणाला सांगत नाही. सीसीटीव्हीच्या धंद्यात नवा होतो तेव्हा मेहेरच्या मागच्या गल्लीत एका कापड दुकानाला चार कॅमेरे लावले. एका रात्री त्या दुकानासमोर दोन हवालदारांनी डिलिव्हरीच्या पोराला बदडलं, सगळं रेकॉर्ड झालं, दुकानदार भला माणूस, त्याने फुटेज दिलं. पण डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ सदतीस मिनिटं पुढे होतं. आतला बटन सेल मेला की लाईट गेल्यावर घड्याळ भरकटतं, आणि तेव्हा लाईट जायची म्हणजे जायचीच. मार झाला नऊ पंचवीसला, क्लिपवर वेळ दहा वाजून दोन मिनिटं, आणि पोलिस स्टेशनच्या डायरीत दोघं हवालदार पावणेदहाला परत आल्याची नोंद. झालं! त्यांचा वकील म्हणाला, साहेब, माझे अशील तर तेव्हा पोलिस ठाण्यात होते. मला साक्षीला उभं केलं, घड्याळ चुकीचं कसं, मी म्हणालो दुकानदाराला सेल बदलायला सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं. मीच चेक केलं नव्हतं. ते पोरगं नंतर सुरतला निघून गेलं, त्याचं काय झालं माहीत नाही, पण तेव्हापासून मी प्रत्येक डीव्हीआरसमोर फोन धरतो, फोनवरची वेळ आणि स्क्रीनवरची वेळ एकाच फोटोत घेतो, म्हणजे फरक किती ते कायमचं नोंदलं जातं.

हेच तू आज करायचंस. चौकातल्या त्या मेडिकलच्या बोर्डाखाली कॅमेरा आहे, तुझ्याच व्हिडिओत दिसतोय, बघ. चार कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क असली तर दहा-पंधरा दिवसांत जुन्यावर नवं चढतं, आज पाचवा दिवस. वडिलांना घेऊन जा, गोड बोल, तेवढा तास पेन ड्राईव्हवर काढून ठेवा म्हण आणि तो घड्याळाचा फोटो विसरू नको. दुकानाच्या कॅमेऱ्याची ताकद कमी समजू नको, तमिळनाडूत साथानकुलमला २०२० मध्ये जयराज आणि बेनिक्स हे बापलेक कोठडीतल्या मारहाणीनंतर गेले, तेव्हा एफआयआरमध्ये लिहिलेली झटापट बाजारातल्या सीसीटीव्हीत दिसलीच नाही. आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं सेटिंग असं की फुटेज रोजच्या रोज आपोआप डिलीट! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावा आणि फुटेज अठरा महिने ठेवा. आता किती ठिकाणी ते चालू असतात, २०२५ ला कोर्टाला परत स्वतःहून दखल घ्यावी लागली यावरून काय ते समज. पोराला ठाण्यात नेलं होतं ना? मग घरच्यांनी तारीख-वेळ लिहून ते फुटेज जपून ठेवा असा अर्ज आजच द्यावा, पोच घ्यावी, आणि माहिती अधिकारातही मागावं.

तुझ्या फाईलचं सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नको, तिथे तो दाबला जातो आणि कधी कुठे शूट झाला ही आतली माहिती निघून जाते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. केबल लावून दोन पेन ड्राईव्हवर कॉपी, एक घरी, एक दुसऱ्या कुणाकडे. मग हॅश काढायचा, म्हणजे फाईलचा अंगठा समज, चौसष्ट आकडे-अक्षरांची ओळ येते, फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याबरोबर जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्यात हा हॅश लिहावाच लागतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५ब होतं, आणि त्यावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलाय, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. कॉपी दिली तर सर्टिफिकेट हवंच, पण मूळ यंत्रच आणलं आणि मालक साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही, असं कोर्ट म्हणालं. म्हणून दिवाळीला नवा फोन घ्यायचा तुझा प्लॅन आहे ना, तो घे, पण हा एक्सचेंजमध्ये देऊ नको!!

साक्षीला उभं राहणं, हे तू मेसेजमध्ये विचारलंच नाहीस, पण खरं ओझं तेच आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला २०२० मध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबल्याने जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हा पोलिसांचं पहिलं निवेदन वैद्यकीय कारणाचं होतं. डार्नेला फ्रेझियर नावाची सतरा वर्षांची मुलगी होती, तुझ्याहून लहान, तिने फोन धरून ठेवला, मध्ये थांबवला नाही, आणि पुढच्या वर्षी कोर्टात उभं राहून रडत रडत जे पाहिलं ते सांगितलं. तुला झेपेल का हे घरी बोल. नाही झेपणार असं वाटलं तरी लाज नाही, पण ते आत्ताच कळलेलं बरं.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण सिंहस्थाच्या गर्दीत काय सांगावं) फोन आडवा धर, झूम करू नको, लांब उभी राहा, आणि कृपा करून तोंड बंद ठेव. तुझ्या व्हिडिओत तू "ए, सोड त्याला" ओरडलीस आणि दोन पावलं पुढे गेलीस. मनापासून आवडलं मला ते, पण सरकारी कामात अडथळा म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लावायला एवढंही निमित्त पुरतं. शूटिंग करणं म्हणजे हल्ला नव्हे. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून ऑफिशियल सीक्रेट्स, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, लावला तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ ला ते उडवलंय, ठाणं ही त्या कायद्यातली निषिद्ध जागा नाही म्हणाले. आता झडतीचा व्हिडिओ काढणं तर पोलिसांनाच बंधनकारक झालंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे बीएनएसएसचं, कलम १०५.

आणि कॉमेंटमध्ये लोक "सगळे पोलिस असलेच" लिहितायत त्यांना लाईक देत बसू नको. त्र्यंबक रोडच्या पोलिस अकादमीत मी कॅमेऱ्याची कामं केलीत, पहाटे पाचला धावणारी खेड्यापाड्यातली पोरं-पोरी बघितलीत. साथानकुलमला त्या रात्रीचं खरं सांगणारी पण एक महिला हेड कॉन्स्टेबलच होती.

शनिवारी दुपारी दुकानावर ये, तीननंतर गर्दी नसते. फोन, केबल, आधार कार्ड आण, हॅश मी काढून देतो आणि वकीलबाईंना बोलावतो, त्या फी घेणार नाहीत, फक्त प्रश्न खूप विचारतात. येताना मेडिकलवाल्याचा पेन ड्राईव्ह, म्हणजे तो मिळाला असेल तर. रील काढलीस की मला नुसता अंगठा पाठव.

— काका