साहेबांच्या निवृत्तीआधी तुमचं ठरवा

ताई, साहेब पुढच्या वर्षी परराष्ट्र सेवेतून निवृत्त होताहेत, त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडच्या वडिलोपार्जित संत्राबागेत येऊन राहायचंय, मुलं परदेशात आणि तुमचा पाय निघत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमचे हेही त्याच सेवेत होते, आता आम्ही याच भागात राहतो. म्हणून सविस्तर लिहिते.

घराचा नकाशा नंतर. आधी तुम्ही इथं कोण म्हणून राहणार, ते दोघांनी बसून ठरवा. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधलं ते तुम्ही. शिक्षिकेची नोकरी सोडलीत तीही तुम्हीच. राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या व्हिएन्ना करारानं राजदूताच्या कुटुंबालाही संरक्षण दिलं, पण त्या देशात नोकरी करायची तर दोन सरकारांमध्ये वेगळा करार असावा लागतो. तो नसला की बायको घरीच. पाहुणे, मेजवान्या, शिष्टाचार हे सगळं बिनपगारी काम आपण केलं आणि त्याची नोंद कुठंच नाही. सेवेतल्या महिला अधिकाऱ्यांना तर लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा अशा भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1979 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सरकारला खडे बोल सुनावले.

गावात तुम्ही 'साहेबांच्या बाई' म्हणूनच याल, आणि दूतावासात होतं तेच इथं पुन्हा होईल. म्हणून सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवून घ्या, घराची नोंद असते त्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत साध्या कास्तकारांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या होत्या, साहेबांना जड जायचं कारण नाही. तुमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला माणूस हवाच असतो. मी दुपारी पोरींना शिकवते, आणि त्यामुळंच गाव मला माझ्या नावानं ओळखतं.

मुलांसाठी वरचा मजला बांधू नका. मॉस्को, काठमांडू, तेहरानला केंद्रीय विद्यालय आहे, बाकी ठिकाणी पोरं दर बदलीला नवी शाळा, नवी भाषा शिकत वाढली. 'तुझं गाव कोणतं' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांचा दोष नाही. ती पोळ्याला येतील, चार दिवस राहतील. त्यात आनंद माना, ओढून आणू नका.

पैशाचं थोडक्यात: परदेश भत्ता आणि सरकारी घर दोन्ही गेलं की पेन्शनच उरते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, तो घरबसल्या मोबाइलवरही होतो. सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नागपूरचं काढा. भरती न होता घेतलेल्या तपासणी-औषधांसाठी महिना 1000 रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो, पण दोघांपैकी एकाला जरी हृदयाचा वा किडनीचा त्रास असेल तर नागपूरला एक खोली हाताशी ठेवाच.

आणि बागेचं सोपं समजू नका. वरूडचा पट्टा पाण्यासाठी डार्क झोन आहे, म्हणजे जमिनीतलं पाणी भरून येतं त्याहून जास्त उपसलं जातं, बोअर शेकडो फूट खाली गेलेत. आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याला, पाणी तोडून ताण किती द्यायचा, पाणी कधी सोडायचं, हे पुस्तकातून येत नाही. बाग सांभाळणाऱ्या माणसाशी पहिली दोन वर्षं तरी बटई (पिकाच्या वाट्यावरचा करार) मोडू नका.

बांधकामाआधी एक मे महिना दोघं तिथंच राहून बघा, तोही एसीशिवाय. तुम्हाला जमलं नाही तर 'नाही' म्हणा, आणि साहेबांनी ते ऐकलं पाहिजे. इतकी वर्षं तुम्ही त्यांचं ऐकलंत.